‘पुन्हा येणार नाही’ हे यंत्राला कसे कळावे?

पावसाळा सुरू झाला, की पौडहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता शनिवार-रविवारी गाड्यांनी भरून जातो. मुळशी धरणाच्या कडेने आणि पार घाटाच्या तोंडापर्यंत आता राहण्या-जेवणाची ठिकाणे उभी राहिली आहेत. काही मोठी, तलावाकाठी खोल्या बांधलेली. तर काही अगदी घरगुती, म्हणजे पुढे पडवीत चार टेबले आणि मागे चुलीवर भाकरी. तेथून निघालेला पाहुणा घरी पोचण्याआधीच मोबाइलवर आपला अभिप्राय लिहितो आणि एक ते पाच यांपैकी काही तारे देतो. पुढच्या आठवड्यात येऊ पाहणारा दुसरा पाहुणा हे अभिप्राय वाचूनच कोठे उतरायचे ते ठरवतो. पडवीत चार टेबले मांडणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे पावसाइतकीच या अभिप्रायांचीही काळजी करावी लागते.

एखाद्या ठिकाणाविषयी पाचपन्नास अभिप्राय असले तर माणूस ते वाचून काढील. पाच हजार असले तर? आणि अशी ठिकाणे शेकड्यांनी असली तर? मग ते काम संगणकाकडे जाते. लिहिलेल्या मजकुरात पसंती आहे, नापसंती आहे, की दोन्ही नाही, हे संगणकाने ओळखायचे. या विद्येला भावविश्लेषण म्हणतात. ते ओळखण्याचे नियम माणसाने संगणकाला सांगितलेले नसतात. पुष्कळ उदाहरणे दाखवली जातात आणि नियम त्याने स्वतःच काढायचे असतात. यालाच यंत्रशिक्षण असे नाव आहे. ही विद्या काही दूरदेशीची नव्हे. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच मुळशी तालुक्यात आहे आणि तेथे अशी कामे जाणणाऱ्या अभियंत्यांची वाण नाही.

या यंत्राविषयी दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. एकांना वाटते, आता संगणकाला माणसाचे मन कळू लागले. दुसरे म्हणतात, हे सारे थोतांड आहे. विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही मतांना फारसे महत्त्व न देता आपण वही-पेन्सील घेऊन बसू. यंत्र नक्की काय शिकते ते कागदावर पाहता येते, आणि ते पाहिले म्हणजे मराठीच्या बाबतीत अडचण कोठे आहे तेही दिसते. ती अडचण दूर करण्यात शाळांचा मोठा वाटा असू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक जुना प्रयोग सांगतो. जुना म्हणजे २००२ सालचा. संगणकाच्या दुनियेत तो जुनाच म्हणायचा. बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन या तीन संशोधकांनी इंग्रजी चित्रपट-परीक्षणे घेतली. ७०० स्तुतीची, ७०० टीकेची. मग संगणकशास्त्र शिकणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांना सांगितले, की स्तुती आणि टीका ओळखण्यासाठी कोणते शब्द उपयोगी पडतील ते तुमच्या मनाने लिहून द्या. कोणालाही वाटेल, यात काय अवघड आहे? ‘सुंदर’, ‘उत्कृष्ट’ एका बाजूला. ‘भिकार’, ‘कंटाळवाणे’ दुसऱ्या बाजूला. त्या याद्या वापरून परीक्षणांची विभागणी केली, तेव्हा एकाच्या यादीने १०० पैकी ५८ आणि दुसऱ्याच्या यादीने ६४ उत्तरे बरोबर आली. नुसता छापा-काटा करूनही ५० आली असती! मग प्रत्यक्ष परीक्षणांतील शब्द मोजून तेवढीच लहान यादी केली, तेव्हा ६९ बरोबर आली. त्या यादीत टीकेच्या बाजूला प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह होते. स्तुतीच्या बाजूला ‘तरीही’ अशा अर्थाचा एक साधा शब्द होता. कोणा शहाण्याच्या मनात हे आले असते? आणि ठरावीक यादीचा नाद सोडून परीक्षणांतील हजारो शब्दांची मोजदाद यंत्राकडे सोपवली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले.

ही मोजदाद कशी करतात ते आता पाहू. अठराव्या शतकात टॉमस बेझ नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक होऊन गेले. संभाव्यतेविषयीचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यातल्या विचारावर आधारलेली एक पद्धत आहे. तिला ‘भाबडी बेझ पद्धत’ म्हणू. भाबडी का, ते लवकरच कळेल.

समजा, आपल्याजवळ मुळशीतील खानावळींविषयीचे १०० अभिप्राय आहेत. माणसांनी ते वाचून ५० वर ‘पसंत’ आणि ५० वर ‘नापसंत’ असा शिक्का मारला आहे. आता शब्द मोजायचे. ‘पुन्हा’ हा शब्द पसंतीच्या २० अभिप्रायांत आला, नापसंतीच्या ४ मध्ये. म्हणजे तो दिसला की पसंतीचे पारडे ५ पट जड. ‘स्वच्छ’ हा शब्द १५ आणि १०. पारडे दीडपट जड. ‘पाणी’ हा शब्द पसंतीच्या १० मध्ये आणि नापसंतीच्या २० मध्ये, कारण पाण्याची आठवण माणसाला बहुधा ते नसताना होते. त्याचे पारडे निम्मे. आता एक नवा अभिप्राय आला : ‘पाणी स्वच्छ, पुन्हा येऊ.’ ‘येऊ’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच आढळतो असे धरू. तेव्हा तो सोडून दिला. उरलेल्यांचा गुणाकार करा. ०.५ × १.५ × ५ = ३.७५. पसंती ३.७५ भाग, नापसंती १ भाग, म्हणजे ४.७५ पैकी ३.७५, सुमारे ७९ टक्के. यंत्र म्हणते, पसंत. बरोबर!

आता दुसरा अभिप्राय घ्या : ‘पुन्हा येणार नाही.’ ‘नाही’ हा शब्द आपल्या साठ्यात पसंतीच्या १२ मध्ये आणि नापसंतीच्या २४ मध्ये आहे, असे समजू. त्याचे पारडे निम्मे. ‘येणार’ दोन्हीकडे सारखा. गुणाकार ५ × ०.५ = २.५. पसंती २.५ भाग, नापसंती १ भाग. सुमारे ७१ टक्के खात्रीने यंत्र सांगते, की पाहुणा खूश होऊन गेला!

भाबडेपणा तो हाच. प्रत्येक शब्द सुटा आहे, शेजारच्याशी त्याचे काही नाते नाही, असे ही पद्धत धरून चालते. इंग्रजीतही हा प्रश्न येतोच, आणि वर सांगितलेल्या संशोधकांनी त्यावर एक सोपा तोडगा वापरला होता. नकाराचा शब्द दिसला, की तेथून पुढच्या विरामचिन्हापर्यंतच्या सगळ्या शब्दांना नकाराची खूण चिकटवायची. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो म्हणून हे जमते. मराठीत? ‘नाही’ वाक्याच्या शेवटी बसतो. पुढे खूण चिकटवायला तेथे शब्दच उरलेला नसतो! ती मागे चिकटवावी लागते. आपल्या उदाहरणात ‘येणार-नाही’ हा जोडशब्द एकच धरला, आणि तो पसंतीच्या १ व नापसंतीच्या १० अभिप्रायांत आढळला असे मानले, तर गुणाकार ५ × ०.१ = ०.५ येतो आणि यंत्र तोंड फिरवून बरोबर उत्तर देते. गणित तेच राहिले. मराठी वाक्य कसे चालते ते ठाऊक असणारे कोणीतरी तेथे असावे लागले, इतकेच.

पण मागे चिकटवण्याचा नियम केला म्हणून सुटलो असे समजू नका. ‘नाव ठेवायला जागा नाही’, ‘जेवणाला तोड नाही’, ‘काकूंच्या हातच्या भाकरीचे तर विचारू नका’ ही सगळी नकाराची वाक्ये आहेत आणि सगळी स्तुतीची आहेत. ‘नाद करायचा नाय’ असे कोणी लिहिले, तर तो तर स्तुतीचा कळसच. उलट, ‘वा, काय सोय आहे! दात घासायला धरणावर जावे लागले’ यात ‘वा’ आहे, ‘सोय’ आहे आणि पाहुणा चांगलाच तापलेला आहे. शिवाय मराठी शब्द एका रूपात कधी राहत नाही. पाणी, पाण्याला, पाण्यात, पाण्यामुळे. माणसाला हा एकच शब्द, पण नुसती अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला हे चार निरनिराळे शब्द. ‘पाण्यावाचून’ या एका शब्दात तर अख्खी तक्रार बसली आहे. बरे, अभिप्राय लिहिणारे काही शुद्धलेखनाच्या वहीत लिहीत नाहीत. कोणी मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितो, कोणी अर्धे वाक्य हिंदीत नेतो, कोणी ‘छान’ या शब्दातला आकार सात वेळा उमटवतो.

अलीकडची यंत्रे या अडचणींतून बरीच वाट काढतात. त्यांची युक्ती तुमच्या फार ओळखीची आहे, कारण प्राथमिक शाळेपासून तुम्ही ती परीक्षेत सोडवत आला आहात : रिकाम्या जागा भरा! गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘बर्ट’ नावाची रचना तयार केली. तिला प्रचंड मजकूर देतात, त्यातले सुमारे १५ टक्के शब्द निवडून बहुतेक झाकून टाकतात आणि झाकलेले ओळखायला लावतात. ‘चुलीवरची गरमागरम ___ खाल्ली’ येथे ‘भाकरी’ येईल, ‘खुर्ची’ येणार नाही. कोट्यवधी वेळा चुकत आणि चूक सुधारत यंत्राला शब्दांची सोबत कळू लागते. कोणता शब्द कोणाच्या शेजारी, कोणत्या रूपात बसतो ते उमगते. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराच्या साठ्यात २ कोटी ४८ लाख वाक्यांची नवी भर घातली आणि त्यावर शिकवून ‘महाबर्ट’ हे मराठीचे यंत्र सर्वांसाठी खुले केले.

मात्र रिकाम्या जागा भरता आल्या म्हणजे पसंती-नापसंती कळली असे नाही. त्यासाठी शेवटी शिक्के मारलेली उदाहरणे लागतातच, आणि शिक्का माणसालाच मारावा लागतो. मला वाटते, या साऱ्या विषयातील ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. यंत्राच्या हुशारीचे कौतुक होते. रात्र रात्र बसून शिक्के मारणाऱ्यांचे होत नाही.

मराठीत हे काम कोणी केले? याच गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा एक संच प्रसिद्ध केला. ‘महासेंट’ हे त्याचे नाव. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा त्यात मोठा सहभाग होता. प्रत्येक ट्विट वाचून त्यावर पसंतीसाठी १, नापसंतीसाठी उणे १ आणि दोन्ही नसल्यास ० असा आकडा त्यांनी हाताने टाकला. २०२३ मध्ये हा संच वाढवून सुमारे ६०,००० नमुन्यांचा केला : चित्रपट-परीक्षणे, सर्वसाधारण ट्विटे, राजकीय ट्विटे आणि दूरचित्रवाणी मालिकांतील संवाद, प्रत्येकी सुमारे १५,०००. एका क्षेत्रावर शिकवलेले यंत्र दुसऱ्या क्षेत्रात कसे चालते, हेही त्यांनी तपासले आणि प्रत्येक क्षेत्रासाठी निराळे नमुने हवेत, असे दाखवून दिले.

त्याआधी, २०१२ मध्ये, मुंबईच्या आय.आय.टी.त पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी बालमुरली व आदित्य जोशी यांनी निराळाच मार्ग काढला होता. मराठीत शिक्के मारलेला मजकूर कमी आहे ना? मग हिंदीवर यंत्र शिकवावे आणि मराठीवर चालवावे! यासाठी त्यांनी ‘शब्दजाल’ वापरले. त्यात एका अर्थाच्या शब्दांना मिळून एक क्रमांक असतो आणि हिंदी व मराठी शब्दजालांत एकाच अर्थाला तोच क्रमांक असतो. यंत्राने शब्द शिकण्याऐवजी हे अर्थक्रमांक शिकायचे. मराठीसाठी ८४ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसता द्विभाषी कोश वापरण्यापेक्षा ही पद्धत बरीच सरस ठरली. गंमत अशी, की त्यांनी तपासलेला मजकूर पर्यटनस्थळांविषयीचाच होता, म्हणजे आपल्या मुळशीच्या विषयाच्या अगदी जवळचा.

क्षेत्र बदलले म्हणजे काय बिघडते? ‘धो धो पाऊस’ हे शब्द ताम्हिणीच्या सहलीच्या वर्णनात आनंदाचे आहेत; खोलीच्या छताच्या वर्णनात नाहीत. ‘वाट अवघड’ हे गिर्यारोहकाला आमंत्रण वाटते, आजीला घेऊन आलेल्या कुटुंबाला इशारा. ‘झणझणीत’चे तर विचारूच नका. आणि हे एक वाक्य पाहा : ‘येथे मोबाइलला रेंज नाही.’ सांगा, यावर १ टाकाल, ० टाकाल, की उणे १? माझी खात्री आहे, की तुमच्या वर्गात या एका वाक्यावरून तास संपेपर्यंत भांडण होईल. व्हावेच.

त्या भांडणाचे मोजमापही करता येते. समजा, सुनीता आणि रमेश यांनी तीच १०० वाक्ये एकमेकांना न दाखवता तपासली आणि ८० वाक्यांवर त्यांचे मत जुळले. ८० टक्के जुळणी छान वाटते. पण थांबा. दोघांनीही न वाचताच, निम्म्यांवर ‘पसंत’ आणि निम्म्यांवर ‘नापसंत’ असे शिक्के कसेही मारले असते, तरी योगायोगाने ५० जुळलीच असती. म्हणून योगायोगाचे ५० वजा करायचे. उरलेल्या ५० पैकी ३० खरी जुळणी; ३० ÷ ५० = ०.६. या आकड्याला ‘कापा’ म्हणतात. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो १९६० मध्ये सुचवला. आता समजा, अभिप्राय बहुतेक गोड होते आणि दोघांनीही ८० वर ‘पसंत’, २० वर ‘नापसंत’ असे शिक्के मारले. योगायोगाची जुळणी ०.८ × ०.८ + ०.२ × ०.२ = ०.६८. जुळणी तीच ८० टक्के, पण कापा (०.८० − ०.६८) ÷ ०.३२, म्हणजे ०.३८ च्याही किंचित खाली. पहिल्या जोडीपेक्षा ही जोडी पुष्कळच डळमळीत! यंत्राच्या यशाची टक्केवारी छापलेली दिसली, की शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर विचारावे : माणसांची आपसांत किती जुळली होती? परीक्षकांचेच एकमत नसेल, तर त्यांच्या गुणांवर शिकलेल्या यंत्राला ९० टक्के मिळाले याचा अर्थ काय घ्यायचा?

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. मराठी माणूस, निदान आपल्या मावळातला, यजमानाच्या तोंडावर नापसंती सांगत नाही. तो लिहितो : ‘सगळे छान होते. मावशींनी अगदी घरच्यासारखे केले. तेवढे न्हाणीघराच्या कडीचे पाहा.’ यंत्र म्हणते, पसंत. पाच पैकी पाच तारे. आणि ते चुकलेले नाही! पण खानावळ चालवणाऱ्या बाईंच्या उपयोगाचे वाक्य त्यात एकच आहे, ते ‘तेवढे’ने सुरू झालेले. एका आकड्यात सगळे कोंबले की नेमके तेच नाहीसे होते. संशोधकांना हे ठाऊक आहे. जेवण, सेवा, दर, वातावरण अशा निरनिराळ्या पैलूंविषयीचे मत निरनिराळे ओळखण्याची एक स्पर्धा २०१४ पासून इंग्रजी उपाहारगृहांच्या अभिप्रायांवर भरवली गेली. मुळशीतल्या मराठी अभिप्रायांसाठी तसे काही करायचे, तर ‘तेवढे’, ‘फक्त’, ‘बाकी ठीक’ हे शब्द आपल्याकडे काय काम करतात ते जाणणाऱ्यांनीच शिक्के मारायला हवेत.

खानावळीपुरते हे झाले तर बिघडले नाही. कडी पुढच्या आठवड्यात बसेल. पण हीच यंत्रे लोकांच्या तक्रारअर्जांवर लावण्याची कल्पना मांडली जाते. कोणता अर्ज आधी वाचायचा ते यंत्राने सूर पाहून ठरवावे म्हणे. मला ही कल्पना धोक्याची वाटते. मराठी अर्ज कसा असतो ते आठवा. ‘महोदय, सविनय सादर. आपल्या कृपेने आमच्या वाडीस रस्ता मिळाला, याबद्दल ग्रामस्थ आपले ऋणी आहेत. तथापि पावसाळ्यात साकव वाहून गेल्याने मुलांना शाळेत जाता येत नाही, तरी कृपा व्हावी, ही नम्र विनंती.’ सविनय, कृपा, ऋणी, नम्र, विनंती. शब्दामागून शब्द गोड. शेजारी दुसऱ्या कोणा त्रासलेल्या गृहस्थाने मोटार उभी करायला जागा नाही म्हणून चार शिव्या हासडल्या असतील, तर तो अर्ज वर आणि वाडीचा साकव खाली. चढ्या आवाजात लिहिणाऱ्याला जे यंत्र पहिला नंबर देते, ते हातपंप आणि साकव यांच्या कामाचे नाही. अशा ठिकाणी यंत्राने फार तर विषयवार गठ्ठे करावेत, वाचावे माणसाने.

खोट्या अभिप्रायांचा प्रश्न आहेच. पैसे देऊन लिहवून घेतलेली स्तुती आणि शेजाऱ्याने रागाने लिहिलेली निंदा यंत्राला सारखीच. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक काढले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत ते त्यात सांगितले आहे. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल, म्हणून येथे थांबतो.

मुळशीच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तलावाविषयीचे हजार अभिप्राय जमवले आणि यंत्राला दिले, तर उत्तर काय येईल ते सांगायला यंत्र कशाला हवे? निळे पाणी, धुके, हिरवे डोंगर. जवळजवळ सगळे १. पण हे पाणी तेथे आले कसे? मुळा नदीवर टाटांनी वीज निर्माण करण्यासाठी हे धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह चालला, तुरुंगवास झाले. तरी धरण झाले. १९२७ पासून तलावाचे पाणी पश्चिमेला भिरा येथे उतरून वीज देऊ लागले आणि भातखाचरांची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतील लोकांनी या तलावाला तारे दिलेले नाहीत. त्यांच्या नातवंडांपैकी कोणी आज तलावाकाठी पाहुण्यांना जेवण वाढत असेल. अभिप्रायाची जागा त्याच्यासाठी नाही, ती पाहुण्यासाठी आहे.

संचामध्ये ० हा आकडा ‘पसंती नाही, नापसंतीही नाही’ यासाठी असतो. ज्याने काहीच लिहिले नाही त्याच्यासाठी कोणताच आकडा नसतो. गणिताच्या दृष्टीने या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत, आणि सरासरी काढणाऱ्याने दुसरी विसरली तर त्याचा हिशेब कितीही दशांश स्थळांपर्यंत अचूक असला तरी तो तलावाविषयी काही सांगत नाही. तलाव पाहायला येणाऱ्यांविषयी सांगतो.

आता शाळांनी करायचे ते. पौडची असो, पिरंगुटची असो किंवा चंद्रपूरची, कोणत्याही माध्यमिक शाळेत हे करता येईल; संगणक लागत नाही. आपल्या परिसराविषयी, बाजार, यात्रा, एस.टी., दवाखाना, खानावळ यांविषयी घरीदारी जी वाक्ये बोलली जातात, ती १०० गोळा करा. जशी कानावर पडली तशीच लिहा. ‘नाय’चे ‘नाही’ करू नका, ‘लई’चे ‘फार’ करू नका. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. मग दोघा-दोघांच्या जोड्या करा, एकमेकांना न दाखवता १, ० किंवा उणे १ टाका आणि कापा काढा. आपण वर दोनच शिक्के धरले होते; तीन असले तरी रीत तीच, योगायोगाच्या जुळणीत तीन गुणाकारांची बेरीज करायची. गणिताच्या शिक्षकांना आणि मराठीच्या शिक्षकांना एका तासाला एकत्र बसवणारा दुसरा प्रयोग माझ्या तरी पाहण्यात नाही. वर सांगितलेल्या १६,००० ट्विटांत ट्विटे लिहिणाऱ्यांची मराठी आहे. मावळातल्या आजीची, वारकऱ्याची, कातकरी वाडीवरच्या मुलाची मराठी तेथे कोठून येणार? ती तुमच्या वह्यांतून येऊ शकेल, आणि पुढे एखादा अभियंता यंत्र शिकवायला बसेल तेव्हा त्याला लागेल ती हीच.

ज्या वाक्यांवर जोडीचे मत जुळले नाही ती वहीच्या वेगळ्या पानावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे दोघांची कारणे लिहा. सुरुवातीला हे एक वाक्य घ्या, मुळशीत दर पावसाळ्यात ऐकू येणारे : ‘धरण भरले.’